बाबांसाठी घेतलेली तीन यंत्रं आणि शेवटी कामी आलेली साडेसहाशेची घंटी

आधीच सांगून टाकते, मी काही टेक्निकल माणूस नाही. नागपूरला शाळेत शिकवते, आईबाबा आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात, भाऊ पुण्याला आयटीत आहे. गेल्या दीड वर्षात आम्ही दोघा बहीणभावांनी मिळून ‘म्हाताऱ्या माणसानं अडचणीत दाबायचं बटण’ या एकाच गोष्टीवर वीसेक हजार घालवले अन् त्यातले अठरा-एकोणीस पाण्यात गेले, म्हणून लिहून राहिले. निदान वाचणाऱ्याचे तरी वाचतील.

झालं असं की कापूस वेचणीचे दिवस होते, बाबा पहाटे चारला लघवीला उठले, न्हाणीत पाय घसरला अन् पडले. वय ७८. मोबाइल ओसरीतल्या फळीवर चार्जिंगला. आईला कमी ऐकू येते, ती आतल्या खोलीत झोपलेली. बाबांनी हाका मारल्या, बालटी वाजवली, शेवटी गप पडून राहिले. साडेसहाला आई उठली तेव्हा कळलं, म्हणजे अडीच तास ओल्या फरशीवर. नशीब म्हणा, हाड मोडलं नव्हतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की पडण्यानं होतं ते होतंच, पण पडून तसंच तासंतास राहण्यानं वेगळं नुकसान होतं, दबलेल्या स्नायूंची नासाडी होऊन त्याचा भार किडनीवर येतो, अंगावर जखमा होतात, थंडीत अंग गार पडतं. म्हणून पडू नये याची सोय करा अन् पडलेच तर लवकर कोणाला तरी कळावं याचीही करा. दुसरी सोय करता करता आमचं हे सगळं रामायण झालं. पहिली सोय स्वस्तात झाली, न्हाणीत खरखरीत फरशी, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा अन् लाइट गेली तरी चालू राहणारा बॅटरीवाला बल्ब, दोन दिवसांचं काम. तुम्ही काहीही घ्यायच्या आधी हे करा.

आता पहिलं यंत्र. ऑनलाइन घेतलं, ३९०० रुपये, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, गळ्यात घालायचं, मधोमध लाल बटण, आत सिम कार्ड. बटण तीन सेकंद दाबलं की पाच नंबरांना मेसेज जातो अन् एकामागून एक फोन लागतो, त्याच्यातूनच बोलता येतं, फोन उचलायची गरज नाही. ऐकायला भारीच. घरी आल्यावर सिम टाकलं जिओचं, काहून का आमच्या गावात तेवढंच नीट चालते. यंत्र काही नेटवर्क धरेना. दोन दिवस मी अन् भाऊ फोनवर डोकं लावून राहिलो, मग तालुक्याच्या मोबाइल दुकानातल्या पोरानं डब्बा उलटा करून पाहिला अन् अर्ध्या मिनिटात सांगितलं, ताई हे टूजी आहे, म्हणजे जुन्या नेटवर्कचं. डब्ब्यावर ८५०/९००/१८००/१९०० असे आकडे होते अन् एलटीई किंवा फोरजी असं कुठंच लिहिलं नव्हतं. जिओ २०१६ ला आलं तेच मुळी फोरजी घेऊन, त्यांच्याकडे टूजी कधी नव्हतंच, मग या यंत्रात ते चालणार कसं. विकणाऱ्याच्या पानावर ‘ऑल सिम सपोर्टेड’ लिहिलं होतं, ते मी भोळ्यासारखं मानलं.

मग दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं, त्याचं टूजी आहे. ओसरीत नेटवर्कची एक कांडी, अंगणात दोन, अन् न्हाणीत? शून्य. आमची न्हाणी मागच्या बाजूला, तीन बाजूंनी दीड हात रुंद मातीच्या भिंती अन् वर टिन. म्हणजे जिथं माणूस पडते नेमकं तिथंच यंत्र मुकं. तेव्हा माझं ऐका, कुठलंही सिमवालं यंत्र घ्यायच्या आधी त्याच कंपनीचं सिम साध्या मोबाइलात टाका, न्हाणीत जा, दार लावा अन् तिथून फोन लावून पाहा. संडासातून, कोठ्यातून म्हणजे ढोरांच्या गोठ्यातून, विहिरीपासूनही पाहा. फुकट आहे अन् दहा मिनिटं लागतात. मी हे आधी केलं असतं तर ३९०० वाचले असते.

सेटिंगचंही ऐकून घ्या. नंबर टाकायचे तर यंत्राच्या सिमवर एसएमएस पाठवायचा, त्यात आकडे, स्वल्पविराम, पासवर्ड, एक स्वल्पविराम चुकला की ‘एरर’. पुस्तिका इंग्रजीत, तीही मुंगीच्या अक्षरात. वर दर महिन्याचा रिचार्ज वेगळाच, वापरा नाहीतर नका वापरू. रिचार्ज संपला हे यंत्र काही ओरडून सांगत नाही, ज्या दिवशी बटण दाबाल त्याच दिवशी कळणार.

अन् मुख्य भानगड तर अजून पुढेच आहे, ती म्हणजे बाबा. यंत्राला पाहिलं अन् म्हणाले, ‘मी काय ढोर आहो काय, गळ्यात घुंगरू बांधाले? पोळा आला का?’ आई म्हणाली, तुळशीच्या माळेसोबत राहू द्या, कोणाले दिसणार नाही. तर ते अजूनच भडकले, माळेला प्लास्टिक चिकटवायचं म्हणून. चाळीस वर्षांचे माळकरी आहेत, त्यांचं बरोबरच होतं. मी नागपूरला परत गेली की यंत्र खुंटीला. फोन केला की ‘हो हो घातलं आहे’, अन् मागून आई हळूच सांगणार, ‘खुंटीले घातलं आहे’.

या यंत्राला माझ्याकडून पाचापैकी एक, अन् तोही दुकानातल्या पोराला.

दुसरं आलं संक्रांतीला, भावानं पुण्याहून आणलं. हातात घालायचं घड्याळ, पडलं की आपोआप ओळखते असं. ८५०० रुपये. कल्पना अशी, की बाबांना बटण दाबायचीच गरज नाही, आतल्या सेन्सरला झटका कळतो, मग माणूस हललं नाही की घड्याळ स्वतः फोनमार्फत आपल्याला कळवते. भावाच्या मित्राकडे अ‍ॅपलचं आहे, त्यावरून त्याच्या डोक्यात आलं. अ‍ॅपलच्या घड्याळात २०१८ च्या सिरीज ४ पासून ही सोय आहे, वय ५५ च्या वर टाकलं की आपोआप सुरू होते, जोरात पडून माणूस मिनिटभर हललं नाही तर थेट इमर्जन्सीला फोन लावते. पण त्याला आधी आयफोन पाहिजे अन् साधारण रोज चार्ज करावं लागते. आमच्या बाबांकडे कीपॅडचा फोन, त्यांना आयफोन म्हणजे हत्तीला चड्डी. म्हणून भावानं दुसऱ्या कंपनीचं घेतलं, साध्या अँड्रॉइडवर चालणारं, अन् सोबत त्याचाच जुना फोन दिला.

घड्याळाचं बाबांना कौतुक वाटलं हे खरं. ढोराचं घुंगरू नाही, शहरातल्या पोरासारखं मनगटी घड्याळ. पावलं मोजते, ठोके मोजते, पानठेल्यावर जाऊन आले दाखवून. पण घड्याळ फोनशी ब्लूटूथनं जोडलेलं, अन् ब्लूटूथ म्हणजे आठ-दहा मीटर, मध्ये मातीची भिंत आली की तेही नाही. फोन ओसरीत, बाबा कोठ्यात, झालं, सुटलं कनेक्शन. वावरात गेले तर प्रश्नच मिटला. फोन खिशात ठेवा म्हटलं तर बंडीच्या खिशात तंबाखूची चंची, चष्मा अन् किल्ल्या, तिथं सहा इंची फोन कुठं मावणार.

मग आली तूर. आमच्याकडे थोडी तूर बाबा अजूनही अंगणात काठीनं बडवतात, मशीनवाल्यावर विश्वास नाही म्हणून. त्या दिवशी नेमका फोन अंगणातच, बाजेवर ठेवलेला. मी वर्गावर होती, भाऊ मीटिंगमध्ये, दोघांच्या फोनवर एकदम लाल अक्षरात सूचना. मी वर्ग सोडून बाहेर आली, छातीत धडधड, फोन लावला तर आईनं उचलला, ‘तूर बडवून राहिले ना ते.’ पाच मिनिटांनी परत सूचना. त्या दिवशी आमचे बाबा अकरा वेळा पडले, एकदाही न पडता! कुऱ्हाडीनं लाकूड फोडलं तरी तेच, बाजेवर धपकन बसले तरी तेच. अन् मार्चमध्ये खरंच गरगरलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून हळूहळू घसरत खाली बसले, अन् तिथंच आडवे झाले, तर घड्याळाला पत्ताच नाही. हे त्या एका घड्याळाचंच नाही म्हणा, अंगावर घालायची अशी बहुतेक यंत्रं पडणं झटक्यावरून ओळखतात, अन् म्हातारं माणूस पुष्कळदा धाडकन पडतच नाही, कशाला तरी धरत धरत खाली येते. तेव्हा ‘आपोआप ओळखते’ या शब्दावर भाळू नका, बटण पाहिजेच.

लाइटचं काय सांगू. कृषी पंपाची लाइट रात्री कधी, गावाची दिवसा कधी, याचा मेळ लागेस्तोवर घड्याळ बंद पडलेलं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, टिनाखाली तर विचारूच नका, आईनं घड्याळ खिडकीत उन्हात चार्जिंगला ठेवलं अन् मागचं झाकण फुगून वर आलं. लिथियमच्या बॅटरीला गर्मी सोसत नाही, ४५ डिग्रीच्या वर तर चार्ज करूच नये म्हणतात, पण आमच्या विदर्भात मे महिन्यात ४५ च्या खाली जागा शोधायची कुठं, माठाच्या बुडाशी? कंपनीला फोन केला तर म्हणे फिजिकल डॅमेज वॉरंटीत नाही.

घड्याळाला दीड. अर्धा गुण पानठेल्यावरच्या इज्जतीचा.

तिसरं म्हणजे यंत्र कमी अन् सेवा जास्त. एका कंपनीचा वर्षाचा प्लॅन, साडेसहा हजार, त्यात त्यांचं फोरजी बटण अन् चोवीस तास कॉल सेंटर. अमेरिकेकडे म्हाताऱ्या लोकांसाठी ही पद्धत पुष्कळ जुनी आहे, बटण दाबलं की घरातल्या डब्ब्यातून लँडलाइनवरून कॉल सेंटरला फोन, तिथल्या माणसाकडे पत्ता, आजार, शेजाऱ्याचा नंबर सगळं लिहिलेलं, तो बोलतो अन् लागलं तर अँब्युलन्स पाठवतो. दर महिन्याला पैसे. आपल्याकडच्या कंपन्यांनी तेच उचललं. वाईट नाही. फक्त त्यांचा सगळा हिशोब घर नंबर, गल्ली, सोसायटीचा वॉचमन याच्यावर बसवलेला आहे.

मी स्वतः बाबांना बटण दाबायला लावून पाहिलं. वीस सेकंदांत पोरीचा आवाज आला, गोड, ‘बाबूजी, आप ठीक हैं?’ बाबा म्हणाले, ‘हाव, ठीकच हाये, पोरीनं दाबाले लावलं.’ तिला समजलं नाही, तिनं परत विचारलं, बाबा परत तेच, जरा मोठ्यानं. मग म्हणाली नजदीकी लँडमार्क बताइए. ‘मारुतीचा पार.’ स्पेलिंग? पार! शेवटी तिनं नियमाप्रमाणे मला फोन केला, मी बाबांसमोरच उभी, चार मिनिटं झाली होती. मी विचारलं, मी नागपूरला असती तर तुम्ही पुढं काय केलं असतं? म्हणाली, मॅम हम १०८ को कॉल करते. म्हटलं बाई, १०८ तर मी पण लावू शकते, फुकट आहे.

१०८ बद्दल हे सांगून ठेवते, काहून का अजूनही म्हातारी माणसं ‘गाडीवाल्याला पैसे किती’ असं विचारतात. महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. फोनवर गाव, तालुका, जिल्हा हे याच क्रमानं सांगा, एका नावाची चार-चार गावं असतात. जवळचं मोठं गाव अन् फाटा सांगा, अन् एक पोरगं फाट्यावर बॅटरी घेऊन उभं करा, रात्री आमच्या फाट्यावरची पाटी दिसतच नाही. ११२ पण आहे, पोलीस-फायर-अँब्युलन्स सगळ्यांना एकच. अन् एक गोष्ट पुष्कळांना माहीतच नाही, २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये इमर्जन्सी बटणाची सोय सरकारनं सक्तीची केली आहे, कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, काही फोनवर पाचदा. गंमत म्हणून दाबून पाहू नका, फोन खरंच लागतो. १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन वेगळी, पेन्शन, वाद, एकटेपणा अशा गोष्टींसाठी, ती सकाळी ८ ते रात्री ८. न्हाणीत पडल्यावर लावायची नाही.

कॉल सेंटरवाल्या प्लॅनला मी गावासाठी दोन देते, पण नागपूर-अमरावतीसाठी चार. माझी मावशी नागपूरला फ्लॅटमध्ये एकटी राहते, दार आतून बंद, शेजारचे नवराबायको नोकरीवर, तिच्यासाठी हे अगदी बरोबर आहे, अन् उरलेले सात महिने तिच्या नावावर करून दिले. पैसे परत द्यायला कंपनी तयार नव्हती, नाव बदलायला तयार झाली.

आता घंटी.

ही कल्पना ना माझी ना भावाची. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे बाजारात, इलेक्ट्रिकलच्या दुकानात न्हाणीसाठी बल्ब घ्यायला गेली होती, तिथं एक बाई वायरलेस डोअरबेल घेऊन राहिली होती, म्हणे सासूच्या उशाशी बटण ठेवते अन् बेल माझ्या किचनमध्ये. मी तिथंच उभी राहिली. ना सिम, ना रिचार्ज, ना नेटवर्क, ना ब्लूटूथ. बटण दाबलं की रेडिओचा सिग्नल जातो अन् घंटी वाजते, बस. एक घंटी अन् दोन बटणं, ६५० रुपये.

घेताना दोन गोष्टी पाहा. घंटी सेलवर चालणारी पाहिजे, भिंतीच्या प्लगमध्ये खुपसायची नाही, नाहीतर लाइट गेली की घंटी गेली. अन् आमच्या घंटीला आवाजासोबत उजेडही आहे, तो कमी ऐकू येणाऱ्या माणसाला उपयोगी, आईसाठी पुढं मी तसाच अजून एक सेट घेतला. बटणात छोटा १२ व्होल्टचा सेल लागतो, २३ए नावाचा, खेड्यात मिळत नाही, नागपूरहून आणून ठेवावा लागतो. डब्ब्यावर दीडशे मीटर लिहिलं आहे ते मोकळ्या मैदानाचं समजा, आमच्या मातीच्या भिंतींतून चाळीस पावलं गेलं.

बसवताना मी पहिली चूक केली. इलेक्ट्रिशियननं न्हाणीत बटण लावलं ते दिव्याच्या बटणाच्या उंचीवर, छान सरळ, स्क्रू मारून. मी खूश. आईनं पाहिलं अन् म्हणाली, ‘पडलेला माणूस तेथपर्यंत उडी मारन काय वं?’ खरंच की! मग काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलं, आडवं पडून हात पुरेल असं, पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून वरून अर्ध्या कापलेल्या प्लास्टिक डब्बीची पडवी केली.

दुसरं बटण अंगावर ठेवायचं होतं, अन् गळ्यात तर ते घालणार नव्हते. यावर तोडगा बाबांनीच काढला, कोणी न सांगता. म्हणाले, ‘करदोड्याले बांधून दे.’ मी पाहातच राहिली. करदोडा आंघोळीलाही सुटत नाही, झोपताना सुटत नाही, जन्मभर कमरेला आहे, त्यात घुंगरू बांधल्याचा अपमान नाही अन् कोणाला दिसतही नाही. इतक्या कंपन्यांनी पेंडंट केले, बेल्ट केले, घड्याळं केली, करदोड्यासाठी कोणी काही केलं नाही! फक्त पहिल्या रात्री बाबा कुशीवर वळले की घंटी वाजायची, तीनदा वाजली. मग मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, मधून कापून बटणाभोवती कड्यासारखं चिकटवलं, आता बोट आत घातल्याशिवाय दाबलं जात नाही. आंघोळीच्या वेळी वरून छोटी प्लास्टिकची पिशवी.

आता घंटी ठेवायची कोणाच्या घरी, हा खरा प्रश्न, अन् याच्यावर कुठल्याच कंपनीच्या पुस्तिकेत एक ओळ नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून घर आहे ते बाबांच्या चुलतभावाचं, आमच्या काकांचं. घरात काका, काकू, त्यांचा मुलगा, सून, म्हणजे चोवीस तास कोणी ना कोणी. सिग्नल एकदम फुल. अन् बाबा अन् काका अकरा वर्षांपासून बोलत नाहीत. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण. दोन तासांच्या जागेवरून, तास म्हणजे घड्याळाचे नाही, नांगराचे. मोजणी झाली, तहसील झालं, दोघांच्या पोरांची लग्नं एकमेकांशिवाय झाली. बाबांना विचारलं तर ‘त्याच्या घरी? मेलो तरी नाही.’ मी म्हटलं बाबा, मरायचाच तर विषय चालू आहे. पण नाही.

म्हणून आधी घंटी ठेवली समोरच्या बोळीतल्या एका घरी, चांगली माणसं, पण अंतर साठ पावलं, चारदा दाबलं तर एकदा वाजायची, अन् सोयाबीन सोंगणीला ते सगळेच वावरात. पुण्याच्या भावाचा नंबर पहिला ठेवण्यात जो मूर्खपणा होता तोच इथंही होता, जो येऊ शकत नाही त्याला कळवून काय फायदा? सहाशे किलोमीटरवरून भाऊ फार तर घाबरू शकतो. तुम्ही फोनचं यंत्र घेतलंत तरी पहिला नंबर पोराचा टाकू नका, जो पाच मिनिटांत चपला न घालता येईल त्याचा टाका, पोराचा तिसरा-चौथा.

आईनं मग गुपचूप काम केलं. ती अन् काकू या अकरा वर्षांत बोलत होत्याच, मागच्या भिंतीवरून विरजण इकडून तिकडं, कढीपत्ता तिकडून इकडं, नवऱ्यांना माहीत नसल्यासारखं सगळ्यांना माहीत. आईनं घंटी विरजणाच्या वाटीसोबत भिंतीवरून दिली. काकूंनी ती फडताळात ठेवली, देवाच्या खाली. काकांना काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

बाबांना महिनाभर वाटत होतं घंटी समोरच्या घरीच आहे.

मग एक दिवस, रात्रीचे दहा वाजले असतील, बाबा कोठ्यात बैलाला कुटार टाकायला गेले अन् गरगरून खाली बसले, आईला हाक पोचली नाही. त्यांनी दाबलं. दोन मिनिटं पण नाही झाली, बॅटरी घेऊन कोण आलं तर काका. मागून त्यांचा मुलगा. काकांनी बॅटरी आधी बाबांच्या तोंडावर मारली, मग पायावर, अन् मुलाला म्हणाले, ‘उचलू नोको, पायले विचार दुखते का.’ हे त्यांना कोणी शिकवलं माहीत नाही पण बरोबर होतं. पडलेल्या माणसाला बगलेत धरून एकदम उभं करायचं नाही, खुब्यात दुखत असेल, एक पाय आखूड अन् बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवायचंच नाही, १०८ येईपर्यंत तिथंच पांघरूण घालायचं. बाबांचं तसं काही नव्हतं, बीपी उतरलेलं होतं, मुलानं त्याच्या गाडीत तालुक्याला नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली.

मला फोन आला तो काकूंचा, सगळं झाल्यावर, साडेअकराला. मी आधी रडली, मग विचारलं काका काही बोलले का. ‘बोलले ना, मले म्हणाले याले पाणी दे.’

बाबा घरी आल्यावर दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तुम्ही सगळे मिळून माह्यावर डाव खेळले. बटन मी दाबलं अन् आला कोण तं तो!’ पण घंटी परत आणा असं म्हणाले नाहीत. ते दोघं अजूनही बोलत नाहीत. धुरा जिथल्या तिथं.

मार्क द्यायचे तर घंटीला साडेचार. अर्धा यासाठी कापला, की ती वावरात चालत नाही, चाळीस पावलांच्या पुढं ती फक्त प्लास्टिक आहे. वावरासाठी मोठ्या बटणांचा कीपॅड फोन आहे, मागं लाल एसओएस बटणवाला, फोरजी पाहून घेतला, बॅटरी चार-पाच दिवस जाते, बंडीच्या खिशात मावतो, पहिला नंबर काकांच्या मुलाचा. त्याला साडेतीन, काहून का बाबा त्याचा अर्धा उपयोग रेडिओ म्हणून करतात अन् संध्याकाळी बॅटरी संपवून येतात.

दर महिन्याच्या एक तारखेला आई बटण दाबून पाहते, काकू तिकडून भिंतीवर दोनदा ठोकतात, म्हणजे चालू आहे. मागच्या महिन्यात ठोकलं नाही, सेल गेला होता. आता मी बर्डीवरून २३ए चे सहा सेल नेऊन दिले, तीन आईच्या डब्यात अन् तीन काकूंच्या फडताळात, घंटीच्या बाजूला.